भावाचं फ्रेंच नागरिकत्व: गोव्यातून कुठले कागद, कुठल्या क्रमाने?

वाळपईकर

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ सहा वर्षं लियाँला आहे. आधी दोन वर्षांचं मास्टर्स, मग कायम नोकरी. आता फ्रेंच नागरिकत्वाचा अर्ज करायचाय. तिथलं तो बघेल, इथले कागद काढायचं काम माझ्या गळ्यात आलंय. स्थिती अशी:

भावाचा जन्म १९९४चा, बांबोळीच्या इस्पितळात. पासपोर्टवर जन्मस्थळ मात्र वाळपई.
वडील १९५६चे, सत्तरीतले. नोंद पोर्तुगीजमध्ये. आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर तारीख १ जून.
आई सावंतवाडी तालुक्यातली, १९६३ची. जन्मनोंद सापडत नाही. आईवडिलांचं लग्न गोव्यातच नोंदलेलं आहे.
भावजय बेळगावची. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललं. लग्नाची नोंद गोव्यात.
पुतण्या चार वर्षांचा, जन्म लियाँचा, पासपोर्ट भारतीय.

प्रश्न: अर्ज भावाचा, मग आईवडिलांचे जन्मदाखले कशाला? पोर्तुगीज नक्कल आधी इंग्रजीत करून घ्यायची का? नावांचा फरक नोटरीच्या प्रतिज्ञापत्राने भागेल का? आणि भावाला मिळालं की भावजय आणि पोर आपोआप फ्रेंच होतात का? आडनाव समजायला सोपं म्हणून 'नाईक' धरा.

नकलनवीस

वाळपईकरबाब, पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घ्या, बाकीची अर्धी उत्तरं त्यातूनच मिळतील.

फ्रान्स नागरिकत्व देतं तेव्हा नुसता पासपोर्ट देत नाही, त्या माणसाची फ्रेंच जन्मनोंद नव्याने तयार करतं. हे काम नाँत शहरातली मध्यवर्ती नोंदणी कचेरी करते. त्या नोंदीत अर्जदाराचं नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ येतं, शिवाय आईवडिलांची नावं, तारखा आणि जन्मस्थळंही येतात. आपल्या जन्मदाखल्यावर आईबापांची फक्त नावं असतात, जन्मतारखा नसतात. म्हणून त्यांचे वेगळे कागद मागतात. आणि ही नोंद पासपोर्टवरून होत नाही, मूळ जन्मनोंदीवरून होते. आपल्याकडे पासपोर्ट आणि आधार म्हणजे ब्रह्मवाक्य, जन्मदाखला शाळाप्रवेशापुरता. तिथे नेमकं उलटं आहे.

आता एकेक कागद.

भावाचा जन्मदाखला. बांबोळीला जन्म झाला म्हणजे नोंद त्या हद्दीतल्या स्थानिक संस्थेकडे, वाळपईच्या पालिकेत शोधू नका. नवीन नक्कल काढा, घरातली लॅमिनेट केलेली चालणार नाही, अपोस्टिलला, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारतात त्या शिक्क्याला, लॅमिनेट कागद घेतच नाहीत. नक्कल हातात आली की तिथेच खिडकीशी उभं राहून बाळाच्या नावाचा रकाना वाचा. त्या काळातल्या कित्येक नोंदी नावाशिवाय झाल्या आहेत. नाव नंतर घालता येतं, पण नियमाने ते नोंदणीपासून १५ वर्षांच्या आत, त्यामुळे १९९४च्या नोंदीत रकाना रिकामा निघाला तर आधी रजिस्ट्रारशी बोला, अपोस्टिलचा विचार नंतर. जन्मस्थळाचा फरक: नोंद बरोबर आहे, पासपोर्ट चुकला आहे. नोंद पासपोर्टसारखी करून घ्यायच्या भानगडीत कुणी पडू नये. फ्रान्समधल्या आपल्या दूतावासातून किंवा कॉन्सुलेटमधून पासपोर्ट नव्याने काढताना जन्मदाखला लावून जन्मस्थळ दुरुस्त होतं. वेळ असेल तर ते करावं, नसेल तर अर्जात जन्मदाखल्यावरचंच स्थळ लिहून सोबत छोटा खुलासा जोडावा. नाव किंवा तारीख जुळत नसती तर मी थांबायलाच सांगितलं असतं. एकाच राज्यातल्या गावाच्या फरकासाठी वर्ष घालवण्यात अर्थ नाही.

वडिलांचा कागद. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत जा आणि 'तेओर' मागा, म्हणजे मूळ पुस्तकातल्या नोंदीची पूर्ण नक्कल. त्रोटक उतारा घेऊ नका. आजोबांच्या काळातली पुस्तकं पणजीच्या पुराभिलेख खात्यात गेलेली असतात, पण १९५६ म्हणजे आधी तालुक्यालाच विचारा. जाताना आजोबांचं पूर्ण नाव, गाव आणि साधारण वर्ष घेऊन जा. कारकुनाला अनुक्रमणिकेत 'नाईक' सापडायचा नाही. पोर्तुगीज लिखाणात त्याच्या शेवटी क्यू, यू, ई अशी तीन अक्षरं येतात. 'श'ला एक्स, त्यामुळे शंकर आणि शांताराम एक्सखाली शोधायचे. प्रभू 'पोरोबो' होतो, शेणवी 'सिनाय' होतो.

१ जूनचं म्हणाल तर घाबरू नका. शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली तारीख आहे ती, अर्ध्या गोव्याचा वाढदिवस १ जूनलाच येतो. फ्रान्सला वडिलांची जन्मनोंद हवी आहे, आधार नाही. तेओरमधली तारीख हीच खरी धरायची. मात्र भावाने ऑनलाइन अर्जात वडिलांची जन्मतारीख आठवणीने १ जून भरली आणि तेओरवर २३ ऑक्टोबर निघाली की झाला घोटाळा. भरताना तेओर समोर ठेवून भरायला सांगा. आणि मागितलेला नाही असा कागद 'असू दे सोबत' म्हणून जोडू नका. वडिलांचं आधार जोडलंत तर नसलेला वाद तुम्हीच उभा केलात.

आईचा कागद. १९६३ला सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात नव्हता, तो रत्नागिरीतून १९८१ला वेगळा झाला. जुनी जन्ममृत्यूची नोंद गावाच्या कोतवाल बुकात असते, ती पुस्तकं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळतात. ग्रामपंचायतीने 'नाही' म्हटलं म्हणजे नोंद नाहीच असं समजू नका. तहसीलला अर्ज करा, पुस्तक मोडीत असेल तर वाचणारा माणूस सोबत लागेल. तिथेही नसेल तर दोन वाटा उरतात. एक म्हणजे उशिराची नोंद: जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ला दुरुस्ती झाल्यापासून वर्षापेक्षा जुन्या नोंदीचा आदेश जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी देतो, पूर्वीसारखं कोर्टात जावं लागत नाही. दुसरी वाट म्हणजे आईवडिलांच्या लग्नाची नोंद. प्रेफेक्त्युर, म्हणजे अर्ज तपासणारी तिथली सरकारी कचेरी, आईबापांच्या जन्मदाखल्याऐवजी त्यांचा विवाहदाखला घेते, पण त्यात जन्मतारीख आणि जन्मस्थळ दिसलं पाहिजे. लग्न गोव्यात नोंदलंय म्हणता, तर त्याचंही तेओरच काढा, छापील छोटा दाखला नको. त्यात पूर्ण तारीख असेल तर काम झालं. नुसतं वय असेल तर 'नोंद उपलब्ध नाही' असा तहसीलचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडा. साठ वर्षांपूर्वीचा जन्म यंदा नोंदवलेला पाहून तिथला कारकून भुवई उंचावतोच, म्हणून उशिराची नोंद मी शेवटी ठेवेन.

प्रतिज्ञापत्राबद्दल: 'अमुक आणि तमुक एकच व्यक्ती' असं नोटरीकडून लिहून आणलेल्या कागदाला आपल्याकडे वजन आहे, तिथे फारसं नाही. कारण त्यात माणूस स्वतःबद्दल स्वतःच सांगतो. सरकारी कचेरीने दिलेला दाखला किंवा मूळ नोंदीत केलेली दुरुस्ती, हेच खरं. तेओरवरचा 'नाईक' आणि भावाच्या दाखल्यावरचा 'नाईक' यांच्या अक्षरांत फरक असणारच. तो फक्त लिपीचा फरक आहे असा रजिस्ट्रारचा दाखला मिळाला तर उत्तम.

रोनकाठी

वर नकलनवीसांनी पाया घातलाय, पुढचं जोडतो.

क्रम चुकवू नका: दुरुस्ती, ताजी नक्कल, राज्य सरकारचं साक्षांकन, परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल आणि मग भाषांतर. भाषांतर आधी करून ठेवलं तर अपोस्टिलचा शिक्का अनुवादाबाहेर राहतो आणि सगळं परत करावं लागतं. भारत २००५पासून अपोस्टिलच्या करारात आहे, त्यामुळे फ्रेंच वकिलातीत वेगळा शिक्का मारायची गरज नाही. कुणी एजंट तो विकायला लागला तर उठून या. अपोस्टिलची मूळ फी एका कागदाला ५० रुपये आहे, बाकी सगळे मधल्यांचे पैसे.

साक्षांकन कागद ज्या राज्याने दिला त्या राज्याचं. तुमच्या यादीत तीन राज्यं आहेत: भावाचे, वडिलांचे आणि लग्नाचे कागद गोव्याचे, आईचा महाराष्ट्राचा, भावजयीचा कर्नाटकचा. सगळी चळत पर्वरीला नेऊन ठेवली तर दोन कागद परत येतील.

भाषांतर फ्रान्समध्येच, तिथल्या अपील न्यायालयाच्या यादीवरच्या शपथबद्ध अनुवादकाकडून. पोर्तुगीज तेओर थेट फ्रेंचमध्ये करून घ्या, मध्ये इंग्रजी आणू नका. पोर्तुगीजचे अनुवादक तिथे भरपूर आहेत. इंग्रजी दाखल्यांचंही फ्रेंच करावंच लागतं. मराठीचे शपथबद्ध अनुवादक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून आईचा कागद इंग्रजीत किंवा द्विभाषिक मिळतो का ते आधी बघा. अनुवादकाला एक गोष्ट बजावून सांगा: स्पेलिंग सुधारायचं नाही. कागदावर 'बेलगाम' असेल तर 'बेलगाम'च, २०१४ला शहराचं नाव अधिकृतपणे बेळगावी झालं असलं तरी. भावजयीच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरं असणार, त्याला खुलाशाचं एक वाक्य पुरतं.

भाऊ सहाच वर्षं फ्रान्समध्ये, म्हणजे दहा पूर्ण नाहीत, त्यामुळे भारतातला पोलीस दाखलाही लागेल. हा तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. म्हणून तो सगळ्यात शेवटी. अर्ज फ्रान्समधल्या आपल्या दूतावासाकडे किंवा कॉन्सुलेटकडे होतो, पण पडताळणी पासपोर्टवरच्या पत्त्यावर येते. वाळपई ठाण्याचा फोन आला की घरातल्यांनी 'तो इथे राहत नाही' एवढंच सांगून ठेवून देऊ नये. फ्रान्समध्ये असतो, पत्ता हाच, असं नीट सांगायचं. मधल्या काळात आखातात वगैरे नोकरी झाली असेल तर त्या देशाचाही दाखला लागतो.

आता भावाची बाजू. पाच वर्षांचा रहिवास झालाय. खरं तर फ्रेंच संस्थेत दोन वर्षांचं उच्च शिक्षण यशस्वी पूर्ण केलेल्याला ही अट दोन वर्षांवर येते, पण आता त्याचा उपयोग नाही. भाषेची पातळी १ जानेवारी २०२६पासून बे-दे (B2) वर गेली, बोलणं आणि लिहिणं दोन्ही. जुने ब्लॉग अजून बे-अं (B1) सांगतात, त्यावर जाऊ नये. मास्टर्स सरकारमान्य फ्रेंच पदवी असेल तर तीच पुरावा होते. नाहीतर फ्रेंच भाषेची परीक्षा: देल्फची (DELF) बे-दे पातळी किंवा तेसेएफ (TCF), तेएएफ (TEF) यांची नागरिकत्वासाठीची. देल्फला मुदत नाही, बाकी दोन्हींचा निकाल दोनच वर्षं चालतो.

त्याच तारखेपासून नागरिक परीक्षा आली. संगणकावर ४० प्रश्न, ४५ मिनिटं, ३२ बरोबर हवेत. २८ माहितीचे आणि १२ प्रसंगाचे. माहितीचे पाठ होतात, प्रसंगाचे होत नाहीत, माणसं तिथेच गळतात. 'शाळेत अमुक झालं, कोण काय करू शकतो' अशा धर्तीचे असतात आणि उत्तर लाइसितेच्या, म्हणजे फ्रेंच धर्मनिरपेक्षतेच्या, कल्पनेवर ठरतं. आपण 'सर्वधर्मसमभाव' धरून उत्तर दिलं की चुकतं. तिथे राज्य सगळ्या धर्मांना सारखं जवळ घेत नाही, सगळ्यांपासून सारखं लांब राहतं. राज्य आणि धर्म वेगळे करणारा १९०५चा कायदा एकदा शांतपणे वाचून काढावा. मास्टर्स असल्याने भाषेची परीक्षा टळेल, ही टळत नाही. मुलाखत वेगळी. त्यात १७८९ची राज्यक्रांती, १९४४ला बायकांना मिळालेला मतदानाचा हक्क, १९५८चं पाचवं प्रजासत्ताक, १९८१ला रद्द झालेली फाशी, हे विचारतात. पण 'फ्रेंच का व्हायचंय' याला धड उत्तर नसेल तर बाकीचं पाठांतर व्यर्थ. 'प्रवासाला सोपं पडतं' हे उत्तर देऊ नये, फार जण देतात.

अर्ज 'नाताली' या ऑनलाइन व्यवस्थेत. प्रत्येक कागद रंगीत स्कॅन, मागची बाजू कोरी असली तरी दोन्ही बाजू, आणि अपोस्टिलसकट मूळ कागद व त्याचा अनुवाद शेजारी शेजारी. शुल्काचा स्टॅम्प ऑनलाइनच घ्यायचा, रक्कम त्या दिवशी सरकारी पानावर असेल ती. मग खात्यात निरोप येत राहतात. जादा कागद मागितला आणि मुदतीत दिला नाही तर प्रकरण बंद होतं. नकार नव्हे, नुसतं बंद, पण नव्याने रांगेत लागावं लागतं. घर किंवा नोकरी बदलली तर खात्यात कळवायचं.

मुदत: अर्ज पूर्ण आहे अशी पोच मिळाल्यापासून १८ महिन्यांत निर्णय द्यावा असा कायदा आहे, दहा वर्षं राहिलेल्याला १२ महिन्यांत. घड्याळ त्या पोचीपासून सुरू होतं, कागद चढवल्यापासून नाही. लोक हे चुकीचं मोजतात आणि वर्षभर फुकट चिडचिड करतात. नकार किंवा 'दोन वर्षं थांबा' असा निर्णय आला तर दोन महिन्यांच्या आत मंत्रालयाकडे अपील, तिथे चार महिने काही उत्तर आलं नाही तर तो नकारच समजायचा आणि पुढे नाँतच्या प्रशासकीय न्यायालयात.

भावजय आणि पोराचं वेगळं लिहितो, यात गैरसमज फार आहेत.

रोनकाठी

भावजय आपोआप फ्रेंच होत नाही. लग्नाच्या आधारावर चार वर्षांनी मिळतं हे खरं, पण त्यासाठी लग्नाच्या दिवशीच जोडीदार फ्रेंच असावा लागतो. लग्नानंतर नवरा फ्रेंच झाला तर ही वाट बंद. तिने स्वतःचा अर्ज करायचा: स्वतःची पाच वर्षं (तिच्या आगमनापासून मोजून), स्वतःची भाषा, स्वतःची परीक्षा, वेगळा स्टॅम्प. मे २०२५च्या मंत्रालयाच्या परिपत्रकानंतर नोकरीची बाजू कडक बघतात, कायम करार असेल तर निदान वर्षभर जुना, मुदतीचे करार असतील तर दोन वर्षांचे. ती कामाला नसेल तर घाई न केलेली बरी. एक 'थांबा' पुढच्या अर्जातही दिसतो.

पुतण्याचं उलट आहे. लियाँला जन्मला म्हणून तो जन्मतः फ्रेंच नाही, पण वडिलांसोबत होऊ शकतो. अठराच्या आतलं अविवाहित मूल, नागरिकत्व मिळणाऱ्या पालकासोबत राहणारं, आणि नागरिकत्वाच्या हुकमात नाव असलेलं. तिन्ही हवं. अर्ज टाकल्यानंतर दुसरं मूल झालं तर तेही लगेच कळवायचं. नाव हुकमात नसेल तर त्या मुलाला हा लाभ नाही. मूल आजीकडे वाळपईला शाळेत घातलेलं असेल तर तेही बसत नाही. आणि बायकोपोरं दोन्ही गोव्यात असतील तर भावाचाच अर्ज अडतो, कारण त्याचं घरदार फ्रान्समध्ये आहे हेच मग सिद्ध होत नाही.

नकलनवीस

भावजयीच्या नावाबद्दल राहिलं होतं. फ्रेंच कागदावर बाईचं जन्माचं नाव मरेपर्यंत कायम, नवऱ्याचं आडनाव हे फक्त 'वापरायचं नाव'. आडनाव बदललेलं त्यांना कळतं, पण पहिलं नावही बदललेलं कळतच नाही. जन्मदाखल्यावर एक बाई आणि पासपोर्टवर दुसरीच, असं दिसतं. दोन नावांना जोडणारा सरकारी कागद हवा: विवाहदाखला, ज्यात माहेरचं पूर्ण नाव आहे, आणि नाव बदलल्याचं राजपत्र. नुसत्या पंचायतीच्या पत्रावर बदललं असेल तर आता रीतसर करून घ्या. गोव्यात जन्मलेल्यांना १९९०चा नाव-आडनाव बदलाचा कायदा आहे, ती बेळगावची असल्याने तिचं कर्नाटकातून.

आणि लग्नाचा दाखला 'दुसऱ्या सही'नंतरचा आहे ना ते बघा. पहिल्या सहीची पावती म्हणजे लग्न करायचा इरादा जाहीर केल्याचा पुरावा, लग्नाचा नव्हे. कपाटातून तीच काढून देणारे पुष्कळ. शिवाय अर्जात लग्नाची तारीख दाखल्यावरची घालायची. मांडवातला मुहूर्त वेगळ्या दिवशीचा असेल तर तो अल्बमपुरता.

वाळपईकर

सगळ्यांचे आभार, यातलं निम्मं कुठल्याच एजंटने सांगितलं नव्हतं. आणखी दोन शंका. भावाच्या नावावर पर्वरीला फ्लॅट आहे, भाड्याने दिलाय, भाडं इथल्या खात्यात येतं. याचा तिथे संबंध येतो का? दुसरं, शेजारी म्हणतात वडील १९६१च्या आधीचे, मग सरळ पोर्तुगीज काढा, फ्रेंचच्या मागे का लागता?

हिशेबनीस

येतो, आणि तिथेच चांगले चांगले अर्ज आडवे होतात. अर्जाला कराचा गोषवारा लागतो, गेल्या तीन वर्षांचा, तिथल्या कर कचेरीकडून. त्याचा नमुना पे-२३७. उशिरा भरलेला कर भरून टाकला तरी उशीर दिसतोच.

फ्रान्समध्ये राहणाऱ्याने जगभरचं उत्पन्न दाखवायचं. भारतातलं भाडं २०४७ नमुन्यात. १९९२च्या करकराराने त्याच भाड्यावर दोनदा कर बसत नाही, फ्रान्स आपला वाटा वजा देतं, पण दाखवलं तर. 'भारतात कर भरला, मग झालं' हे अपुरं आहे. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवींचं व्याज भारतात करमुक्त, फ्रान्समध्ये नाही. हे ऐकून बहुतेकांचा चेहरा उतरतो.

त्याहून मोठी चूक खात्यांची. परदेशातलं प्रत्येक बँक खातं दरवर्षी ३९१६ नमुन्यात कळवावं लागतं, त्यात चार आणे नसले तरी. न कळवल्यास दंड दर खात्याला, दर वर्षाला १,५०० युरो. कॉलेजात असताना काढलेलं आणि विसरलेलं बचत खातं, आईसोबतचं संयुक्त खातं, सगळी मोजा. मागची वर्षं राहिली असतील तर अर्जाच्या आधी स्वतःहून दुरुस्ती भरावी. कर कचेरीने शोधून काढलेलं आणि आपण होऊन सांगितलेलं यात फार फरक आहे.

गोव्यातल्या लग्नाची एक गंमत: आपल्या सामायिक मालमत्तेच्या पद्धतीमुळे, १९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या ५अ कलमाने, भाडं नवराबायकोत अर्धं अर्धं विभागून दाखवलं जात आलंय. भावाच्या भारतीय विवरणपत्रात म्हणून अर्धंच भाडं दिसेल. फ्रान्समध्ये जोडप्याचं विवरणपत्र एकच, तिथे दोन्ही अर्धी मिळून पूर्ण आकडा यायला हवा. भाऊ स्वतःचंच विवरणपत्र बघून भरत असेल तर निम्मं भाडं गायब.

मडगाव मेल

पोर्तुगीजचं थोडक्यात. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेले तुमचे वडील जन्माने पोर्तुगीज होते. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणीत त्यांचा जन्म नोंदवला तर पुढे मुलांनाही करता येतं. वाट खरी आहे, पण ती फ्रेंचची पायरी नव्हे. युरोपीय नागरिकाला फ्रान्समध्ये राहायचं कार्ड लागत नाही एवढंच, फ्रेंच व्हायला पाच वर्षं त्यालाही तीच.

दोन्ही एकदम सुरू करू नका. नागरिकत्व कायदा १९५५च्या ९व्या कलमाने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपण होऊन घेतलं की भारतीयत्व संपतं. फ्रेंच अर्ज चालू असताना मध्येच लिस्बनची नोंद झाली तर भावाचा भारतीय पासपोर्ट आणि त्यावर काढलेलं फ्रेंच कार्ड, दोन्हींखालची जमीन सरकते. आणि फ्रेंच अर्जात असलेली सगळी नागरिकत्वं सांगावी लागतात. खोटं किंवा फसवणूक उघडकीला आली तर तेव्हापासून दोन वर्षांच्या आत फ्रान्स दिलेला हुकूम मागे घेऊ शकतं. पोर्तुगीज करायचंच असेल तर त्यालाही तेच तेओर लागतं, तेव्हा कष्ट फुकट जात नाहीत.

रोनकाठी

मिळाल्यानंतरचंही आत्ताच लिहून ठेवतो, तेव्हा आनंदात कुणी वाचत नाही.

हुकूम सरकारी राजपत्रात येतो. पण तो लागू होतो त्यावरच्या सहीच्या तारखेपासून, आणि तेव्हापासूनच भाऊ भारतीय नाही. फ्रेंच पासपोर्ट हातात नसला तरी नाही. मध्ये नाँतहून जन्मनोंद येईपर्यंत आणि ओळखपत्र, पासपोर्ट निघेपर्यंत वेळ जातो. या पोकळीत भारतीय पासपोर्टवर विमानात बसणं हा गुन्हा, आणि चवथीचं तिकीट आधीच काढलेलं असतं म्हणून तो पुष्कळांच्या हातून होतो. निर्णय जवळ आला की तिकीट रद्द करता येईल असंच काढावं.

मग भारतीय पासपोर्ट जमा करून त्याचा दाखला घ्यायचा, पुतण्याचाही. तो दाखला व्हिसाला लागतो आणि ओसीआयलाही (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डाला) लागतो. लियाँवाल्यांनी कुठल्या भारतीय कचेरीत जायचं ते अर्ज करायच्या दिवशी बघा, फेब्रुवारी २०२५पासून मार्सेयलाही आपला कॉन्सुलेट आहे.

वाळपईकर

आणि कुळागर (पोफळी-माडांची बागायत)? वडिलोपार्जित आहे, केरीला. दोघांच्या नावावर यायचंय.

नकलनवीस

वारशाने येऊ शकतं, त्याला ओसीआय झाल्याने बाध येत नाही. विकत मात्र शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो. वारशाने आलेली बागायत पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. भाऊ शेजारचा तुकडा जोडून घ्यायचा विचार करत असेल तर तो आताही घेता येणार नाही, अनिवासी भारतीयालाही शेतजमीन आणि बागायत विकत घ्यायला हीच मनाई आहे.

तेओर काढायला जाल तेव्हा प्रत्येकाच्या तीन नकला घ्या. एक लियाँला, एक घरी, आणि एक इन्व्हेंतारच्या (वारसांत मालमत्ता वाटायच्या कोर्टातल्या कामाच्या) वेळी कुळागरासाठी लागेलच.